परदेशातून देणगी घ्यायची तर: गावाकडच्या छोट्या संस्थांसाठी पायरीपायरीने

"खातं नंबर पाठवा, आमचा इथला ग्रुप पैसे जमवतोय." न्यू जर्सीहून नाहीतर म्युनिकहून असा निरोप आला की छोट्या संस्थेत पेढे वाटायचेच बाकी राहतात. नंबर पाठवू नका. निदान आज तरी नको. संस्थेच्या नेहमीच्या खात्यात परदेशी नागरिकाचे पाच हजार रुपये जरी जमा झाले, तरी परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१० मोडला जातो. सगळे ज्याला एफसीआरए म्हणतात तो हाच. 'अमुक रकमेपर्यंत चालतं' अशी सूट संस्थांना या कायद्यात नाही आणि शिक्षेच्या कलमात पाच वर्षांपर्यंतची कैद आहे.

मी तालुक्याच्या गावी एका छोट्या संस्थेचं दप्तर सांभाळतो. मुलांची अभ्यासिका, पाड्यांवर जाणारा फिरता दवाखाना, बायकांचे शिवणवर्ग, अशी आमची कामं. एफसीआरएची वाट आम्ही चाललो आणि नंतर ओळखीच्या काही संस्थांचे अर्जही शेजारी बसून भरले. बहुतेक ठिकाणी गाडं अडतं ते दात्यापाशी नव्हे, आपल्याच कपाटातल्या कागदांपाशी. म्हणून या लेखात दाता शोधायची पायरी बरीच खाली आहे. आणखी एक: नियम बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या एफसीआरए पोर्टलवरच्या सूचना आणि फी नव्याने बघा, आणि या कायद्याचं काम केलेला सीए गाठा. आयकर भरून देणारा प्रत्येक सीए हे काम जाणतोच असं नाही.

१. आधी ठरवा, परदेशी पैसा हवाच आहे का

हा प्रश्न कुणी विचारत नाही. पण एकदा नोंदणी घेतली की दर वर्षी विवरण, वेगळी खाती, वेगळे हिशोब आणि पाच वर्षांनी नूतनीकरण हे मागे लागतं. नोंदणी रद्द झाली किंवा आपणहून परत केली, तर त्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे जाते. दवाखान्याची इमारत परदेशी पैशातून बांधायचा विचार असेल, तर हे वाक्य कार्यकारिणीसमोर मोठ्याने वाचा.

यापेक्षा सोपी दारं आहेत. ती आधी ठोठावा.

बचतगटाच्या बायकांना धंद्यासाठी मदत हवी असेल, तर आंतरराष्ट्रीय पैसा सरकारमार्फत आधीच जिल्ह्यात आलेला असतो. महिला आर्थिक विकास महामंडळाचा, म्हणजे माविमचा, नव तेजस्विनी प्रकल्प 'इफाड' या संयुक्त राष्ट्रांच्या कृषिविकास निधीच्या साहाय्याने चालतो. तिथे गटांनी जायचं ते माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रात, ज्याला सगळे सीएमआरसी म्हणतात. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेला राज्याचा स्मार्ट प्रकल्प बघा. या दोन्हींसाठी एफसीआरए लागत नाही.

चाकण किंवा रांजणगावच्या परदेशी नावाच्या कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपनीने समाजकामासाठी द्यायचा पैसा, हाही बहुतेक वेळा परदेशी पैसा ठरत नाही. भारतात नोंदलेल्या कंपनीत परदेशी भागभांडवल निम्म्याहून जास्त असलं, तरी ते त्या क्षेत्राच्या गुंतवणूक-मर्यादेत असेल, तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती कंपनी 'परदेशी स्रोत' मानली जात नाही. सीएसआरसाठी १२ए (संस्थेला आयकर सूट), ८०जी (दात्याला आयकर सवलत) आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची) नोंदणी पुरते. युनिसेफसारख्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनाही या कायद्याच्या 'परदेशी स्रोत' व्याख्येतून वगळलेलं आहे.

वर्षाला दोन-तीन लाखांसाठी एफसीआरए घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. लेखापालाचा वेळ आणि सीएची फी यातच त्यातला मोठा वाटा जाईल.

२. पैसा कुठून आला हे नको, कोणाचा ते बघा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कायदा दात्याचं नागरिकत्व बघतो. तो राहतो कुठे आणि पैसे कोणत्या चलनात देतो, हे दुय्यम.

भारतीय पासपोर्ट असलेला मराठी माणूस दुबईत नोकरी करतो आणि आपल्या बचतीतून बँकेमार्फत संस्थेला पैसे पाठवतो. ही परदेशी देणगी नाही, साध्या खात्यात घेता येते. त्याचाच सख्खा भाऊ अमेरिकेचा नागरिक झालाय, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) बाळगून आहे आणि दिवाळीला गावी आल्यावर रुपयांत चेक देतो. ही परदेशी देणगी आहे. आडनाव, गाव, कुलदैवत सगळं एक, पण कायद्यासाठी दोघं वेगळे.

म्हणून परदेशस्थ भारतीय नागरिकाकडून पैसे घेताना त्याच्या पासपोर्टची प्रत आणि 'ही माझी वैयक्तिक बचत आहे' असं लेखी पत्र फाइलला लावून ठेवा. मागताना संकोच वाटतो, पण कारण सांगितलं की लोक देतात. त्याने मित्रांकडून वर्गणी गोळा करून एकत्र पाठवली असेल तर मात्र ती त्याची बचत राहत नाही आणि त्या मित्रांतले कोण कुठले नागरिक आहेत, हे तुम्हाला कळत नाही. अशी रक्कम घेऊ नका.

वस्तूही यातच मोजतात. परदेशी पाहुण्यांनी शाळेला लॅपटॉप दिले, दवाखान्याला सोनोग्राफी यंत्र पाठवलं, तर तेही परकीय योगदान. संस्थेच्या वेबसाइटवर देणगीचं बटण असेल तर पेमेंट गेटवेवर आंतरराष्ट्रीय कार्ड बंद करून ठेवा. उत्सवात मंडपाबाहेर क्यूआर कोड लावताना 'फक्त भारतीय नागरिकांसाठी' ही ओळ छापा.

३. नोंदणी की पूर्वपरवानगी

नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते आणि त्या काळात कोणत्याही कायदेशीर परदेशी दात्याकडून पैसा घेता येतो. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मिळून किमान १५ लाख रुपये मूळ कामावर खर्च झालेले हवेत. कार्यालयाचं भाडं, लेखापालाचा पगार यावरचा खर्च यात धरून चालू नका. मुलांच्या वह्या, दवाखान्याची औषधं, प्रशिक्षकांचं मानधन हा खर्च खरा. इमारत, वाहन, उपकरणं यांत घातलेले पैसे धरायचे असतील, तर ती मालमत्ता याच कामासाठी वापरली जाईल अशी हमी लिहून द्यावी लागते.

संस्था नवी असेल किंवा १५ लाखांचा आकडा जमत नसेल, तर पूर्वपरवानगी. ती एका ठरावीक दात्याकडून, ठरावीक रकमेसाठी, ठरावीक कामासाठी असते. दात्याचं वचनपत्र आणि प्रकल्पाचा आराखडा अर्जासोबत लागतो. रक्कम एक कोटीच्या वर असेल तर हप्ते पडतात: पहिल्या हप्त्यातले ७५ टक्के खर्च झाल्याचा पुरावा आणि प्रत्यक्ष पाहणी झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही. एप्रिल २०२५ च्या सूचनेप्रमाणे पूर्वपरवानगीने पैसा घ्यायला तीन वर्षं आणि खर्चायला चार वर्षं मिळतात.

पूर्वपरवानगीत एक अट नातेवाइकांच्या संस्थांना हमखास आडवी येते. परदेशातली संस्था देणगी देणार असेल तर तुमच्या संस्थेचा मुख्य पदाधिकारी त्या संस्थेत असता कामा नये आणि तुमच्या कार्यकारिणीतले किमान ७५ टक्के लोक तिचे सदस्य किंवा नोकर नसावेत. दाता एकटा माणूस असेल तर कार्यकारिणीत त्याच्या नात्यातले लोक एक चतुर्थांशाहून जास्त नकोत. काका अध्यक्ष, काकू खजिनदार, चुलतभाऊ सचिव आणि पुतण्या कॅलिफोर्नियातून पैसे देणारा, ही आपल्याकडची नेहमीची रचना इथे बसत नाही. अर्जाआधी कार्यकारिणी बदला आणि ती कागदावर रीतसर बदला. म्हणजे काय, ते पुढच्या पायरीत.

४. दप्तर लावा

या पायरीला महिने लागू शकतात. त्यामुळे दात्याशी बोलणी सुरू व्हायच्या आधीच हात घाला.

महाराष्ट्रात बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. सध्याचे विश्वस्त कोण, याचं कायद्याच्या नजरेतलं उत्तर तुमच्या ठरावाच्या वहीत नसतं. ते धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीत, म्हणजे परिशिष्ट-१ च्या उताऱ्यावर असतं. हा उतारा काढून बघा. बऱ्याच संस्थांमध्ये त्यावर दहा वर्षांपूर्वीची नावं दिसतात. त्यातले दोघे हयात नसतात, एक गाव सोडून गेलेला असतो. प्रत्येक निवडणुकीनंतर ९० दिवसांत फेरफार अर्ज, बोलीभाषेत चेंज रिपोर्ट, दाखल करायचा असतो. तो केलेलाच नसतो, किंवा केलेला असतो पण मंजूर झालेला नसतो.

असं असेल तर मागचे सगळे फेरफार क्रमाने दाखल करा. मधला एक गाळून पुढचा मंजूर होत नाही. सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरी, जुन्या विश्वस्तांची संमती किंवा मृत्यूचा दाखला, नव्यांची संमती, एवढं प्रत्येकाला लागतं. मंजुरीचा आदेश हातात येईपर्यंत एफसीआरएच्या अर्जाला हात लावू नका. नव्या नावांनी अर्ज केला आणि उताऱ्यावर जुनी नावं असली, तर पहिली शंका तिथेच निघते.

दुसरं दुखणं नावांच्या स्पेलिंगचं. 'बहुउद्देशीय' हा शब्द इंग्रजीत लिहायच्या जेवढ्या तऱ्हा आहेत, तेवढ्या तऱ्हांनी संस्थेचं नाव पॅन कार्ड, बँक पासबुक आणि नोंदणी प्रमाणपत्रावर सापडतं. सगळीकडे एकच करून घ्या. विश्वस्त बायकांच्या बाबतीत आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं हा घोळ ठरलेला. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी करताना या दोन्हींची पडताळणी होते, त्यामुळे आधी आधार-पॅन जुळवा आणि मग दर्पण उघडा. आधार द्यायला कुणा भारतीय पदाधिकाऱ्याची तयारी नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२२ च्या निकालानंतर भारतीय पासपोर्ट चालतो.

कार्यकारिणीत परदेशी नागरिक असेल, मग तो गावचाच का असेना, तर सहसा अर्ज अडतो. त्याला सल्लागार मंडळात घ्या.

अर्जाआधी हातात असायला हवेत ते कागद:

- संस्था नोंदणी आणि न्यास नोंदणीची प्रमाणपत्रं
- घटना किंवा न्यासपत्र. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून
- परिशिष्ट-१ चा ताजा उतारा आणि मंजूर फेरफारांचे आदेश
- संस्थेचं पॅन, दर्पणचा क्रमांक, १२एचा आदेश
- मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, जमाखर्च आणि कामनिहाय खर्चाचा तक्ता
- त्याच तीन वर्षांचे कार्य अहवाल, छायाचित्रांसह
- प्रत्येक पदाधिकाऱ्याचं विहित नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन
- अर्ज करण्याचा ठराव आणि मुख्य पदाधिकाऱ्याची नेमणूक
- संस्थेचा शिक्का आणि सहीची स्कॅन प्रत, पोर्टलने सांगितलेल्या आकारात

कार्य अहवालाबद्दल थोडं. आपले अहवाल म्हणजे बहुधा मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलनाचे फोटो. चौकशी करणाऱ्याला त्यातून काम दिसत नाही. किती मुलं, कोणत्या वस्तीत, वर्षभरात काय शिकली. दवाखान्यात किती रुग्ण, कशाचे. आणि या प्रत्येकावर ताळेबंदात दाखवलेला खर्च किती, हे जुळलं पाहिजे. अहवालात आरोग्य शिबिरं पाच आणि जमाखर्चात औषधांवर शून्य रुपये, असं दिसलं तर विचारणारच.

५. दिल्लीचं खातं

सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीपासून सगळा परदेशी पैसा भारतात एकाच ठिकाणी उतरतो: स्टेट बँकेची नवी दिल्ली मुख्य शाखा, संसद मार्ग. तिथे 'एफसीआरए खातं' उघडून त्याचा तपशील अर्जातच द्यायचा असतो. दिल्लीला जायची गरज नाही. जवळच्या स्टेट बँकेच्या शाखेतून कागद पाठवता येतात. शाखेतल्या नव्या माणसाला हे माहीत नसेल तर मुख्य व्यवस्थापकांना भेटा.

नोंदणी मिळाल्यावर दिल्लीच्या खात्यातून पैसे आपल्या गावच्या बँकेत आणण्यासाठी दुसरं एफसीआरए खातं आणि लागलीच तर खर्चाची वेगळी खाती उघडता येतात. त्यांची माहिती ४५ दिवसांत पोर्टलवर कळवा. या कोणत्याही खात्यात स्थानिक पैसा टाकायचा नाही. वर्गणीचे पाचशे रुपये चुकून तिथे जमा झाले, तरी हिशोब 'मिसळला' असं धरलं जातं. पूर्वी कधी परदेशी पैशातून केलेल्या ठेवीचं व्याज असेल, तर तेही परकीय योगदानच.

६. अर्ज

सगळं ऑनलाइन. नोंदणीसाठी एफसी-३ए, पूर्वपरवानगीसाठी एफसी-३बी. कामाचं स्वरूप सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक, सामाजिक या पाचांतून निवडायचं असतं. घटनेतल्या उद्देशांत जे आहे तेच निवडा. घटनेत आरोग्याचा उल्लेखच नसताना दवाखान्यासाठी पैसा मागितला, तर आधी घटनादुरुस्ती करावी लागेल.

सबमिट दाबण्याआधी सगळी पानं छापून एका माणसाला मोठ्याने वाचायला लावा आणि दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून बघा. घाई नको, कारण एकदा अर्ज केला की लगेच दुसरा करता येत नाही.

७. चौकशी

कायद्यात साधारण ९० दिवसांत निर्णय असं म्हटलंय. प्रत्यक्षात जास्त धरून चाला आणि दात्याला तशी आधीच कल्पना द्या. पोर्टलवर आणि नोंदवलेल्या ईमेलवर शंका येतात. तो ईमेल गावातल्या सायबर कॅफेवाल्याचा नसावा, एवढं बघा. असं खरंच घडतं.

चौकशीला अधिकारी येतात तेव्हा कामाच्या जागी काम चालू असावं. मूळ वह्या, पावतीपुस्तकं, हजेरीपट टेबलावर ठेवा. विश्वस्तांना संस्थेचा वार्षिक खर्च आणि उद्देश माहीत हवेत; 'ते सगळं सर बघतात' हे उत्तर वाईट दिसतं.

याच काळात कुणीतरी फोन करतो: मंत्रालयात ओळख आहे, एवढे दिले की काम होईल. मे २०२२ मध्ये सीबीआयने याच धंद्यावर देशभर छापे घातले. गृहमंत्रालयाच्या एफसीआरए विभागातले कर्मचारी, मध्यस्थ आणि संस्थांचे लोक, सगळेच त्यात अडकले. फोन ठेवून द्या.

८. आता दाता

कागद मार्गी लागले की दात्याकडे जाताना पाठ ताठ असते. पहिलं दार बहुतेकांचं मराठी माणसांचंच असतं. अमेरिकेतलं महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून इथल्या सामाजिक कामांना मदत करत आलंय. वकिलातींच्या छोट्या योजनाही बघा. जपानची तळागाळातल्या प्रकल्पांसाठीची योजना शाळेच्या खोल्या, रुग्णवाहिका, वैद्यकीय उपकरणं अशा टिकाऊ गोष्टींना पैसा देते, पगारांना किंवा औषधांना नाही. ऑस्ट्रेलियाचीही 'डायरेक्ट एड प्रोग्राम' नावाची छोटी योजना आहे. परदेशी सरकार हाही परदेशी स्रोतच, तेव्हा एफसीआरए इथेही लागतं. ८०जीचं मात्र परदेशी दात्याला काही अप्रूप नसतं. त्याला सवलत मिळते ती त्याच्या देशात.

प्रस्ताव लिहिताना 'आमचा भाग अत्यंत मागास आहे' हे वाक्य काढून टाका आणि आकडा घाला. आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० ला एक उपकेंद्र हा सरकारी निकष आहे. तुमच्या पाड्यांचं उपकेंद्र किती किलोमीटरवर आहे, पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद असतो, ते लिहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची जिल्हावार पत्रकं मोफत मिळतात. त्यातून कुपोषणाचा आणि रक्तक्षयाचा आकडा घ्या. शाळेच्या कामासाठी प्रत्येक शाळेचा यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) द्या आणि किती मुलांना दुसरीचा परिच्छेद वाचता येतो, हे स्वतः मोजा.

आधी मोजायचं, मग मागायचं, हे गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने १९८० च्या दशकापासून करून दाखवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावोगावचे बालमृत्यू नोंदवले, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. आपल्याला एवढं जमणार नाही, पण काम सुरू करण्याआधी वही घेऊन शंभर घरं फिरणं जमतं. मी पाहिलेल्या प्रस्तावांत दात्याने सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते अशा पाहणीवर, आणि पैसेही तिच्याच जोरावर दिले.

छोट्या धंद्यांसाठीचा प्रस्ताव जास्त काळजीने लिहा. परदेशी पैसा बायकांना कर्जाऊ फिरवायची कल्पना दात्यांना फार आवडते, पण संस्थेने सावकारीसारखं काम करणं धोक्याचं. बचतगटाच्या खात्यात रक्कम वर्ग करणं हेही 'दुसऱ्या संस्थेला दिलं' असं धरलं जाऊ शकतं. प्रशिक्षण, यंत्र, पॅकिंग, अन्न परवाना, बाजारपेठ हा खर्च संस्थेने थेट करावा आणि कर्ज बँकेकडून मिळवून द्यावं. म्हसवडच्या माणदेशीत कर्ज देणारी महिला सहकारी बँक आहे आणि प्रशिक्षण देणारं फाउंडेशन वेगळं आहे. ही विभागणी समजून घेण्यासारखी आहे.

दाते आणखी काही कागद मागतील: बालसुरक्षा धोरण, दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, खरेदीचे नियम. इंटरनेटवरून उतरवलेली धोरणं देऊ नका. दोन पानांची, पण तुमच्या अभ्यासिकेला लागू पडणारी लिहा.

अंदाजपत्रक रुपयांतच ठेवा. डॉलरचा भाव आणि मधल्या बँकांची कपात धरून रक्कम थोडी कमी येणार, हे दात्याशी आधीच बोला.

९. पैसा आल्यावर

दोन नियम भिंतीवर लिहून ठेवा. पहिला: आलेला परदेशी पैसा दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देता येत नाही, तिच्याकडे एफसीआरए असलं तरी. २०२० आधी मुंबईतल्या मोठ्या संस्थेकडून गावाकडच्या छोट्या संस्थांना असा पैसा मिळायचा. तो रस्ता आता बंद आहे. दुसरा: वर्षभरात आलेल्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंतच प्रशासकीय खर्च. दहा लाख आले तर दोन लाख.

पण सगळेच पगार प्रशासकीय नसतात. दवाखान्यातल्या डॉक्टरचा आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार हा प्रत्यक्ष कामाचा खर्च धरला जातो. लेखापाल, व्यवस्थापक, कार्यालयाचं भाडं, फोन हा प्रशासकीय. नेमणूकपत्रात कामाचं स्वरूप नीट लिहा, म्हणजे लेखापरीक्षणात वाद होत नाही. 'समन्वयक' हा मोघम शब्द टाळा. घेतलेली यंत्रं, वाहनं, जमीन संस्थेच्याच नावावर हवी, सचिवांच्या नावावर नाही.

१०. दर वर्षी, आणि पाच वर्षांनी

३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ हे वार्षिक विवरण, सीएच्या प्रमाणपत्रासह. वर्षभरात एक रुपयाही आला नाही तरी शून्याचं विवरण भरायचं. अनेक संस्था इथेच निजतात आणि नूतनीकरणाच्या वेळी जाग्या होतात. विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, तर धर्मादाय कार्यालयात फेरफार आणि एफसीआरए पोर्टलवर बदल कळवायच्या एफसी-६ अर्जाचा योग्य प्रकार, दोन्ही करा.

नूतनीकरणाचा अर्ज एफसी-३सी मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत करायचा असतो आणि २०२५ च्या सूचनेने तो किमान चार महिने आधी यावा असं सांगितलंय. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. प्रमाणपत्राची तारीख उलटली तर नवा पैसा घेता येत नाही आणि खात्यात पडलेलाही खर्च करता येत नाही. जूनमध्ये मुदत संपणार असेल तर आदल्या दिवाळीतच प्रतिज्ञापत्रांचे नमुने काढा, परिशिष्ट-१ चा ताजा उतारा मागवा आणि एखादा फेरफार मंजुरीविना पडून आहे का, ते तपासा.